वाफ्यातलं पाणी आणि वहीतली ओळ

आनंद यादवांच्या ‘झोंबी’मधला जो भाग वाचकांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहतो, त्याची सुरुवात एका लबाडीनं होते. अंगणात ऊन पडलेलं आहे, आई शेणी थापते आहे, पोरगा तिला बादलीनं पाणी आणून देतो आहे आणि हात चालू असतानाच दोघांचा बेत शिजतो आहे. पोराला शाळेत परत जायचं आहे. बाप जाऊ देणार नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. मग मायलेक रात्री दत्ताजीरावांकडे जातात. हे गावातलं वजनदार माणूस, ज्यांच्या शब्दापुढे बाप मान वर करणार नाही. त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडताना आई बापाचे उद्योग जरा वाढवूनच सांगते. निघताना दोघं विनवतात, आम्ही येऊन गेलो हे बापाला सांगू नका. घरी आल्यावर बापाला सांगायचं काय तर आई भाजी द्यायला गेली होती, आणि सरकारांनी, म्हणजे दत्ताजीरावांनी, तुम्हाला बोलावलंय. सरकारांनी आपल्याला बोलावलं या मानानंच बाप खूश होतो आणि तडक निघतो.

शिक्षणाच्या ओढीची गोष्ट म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. या भागाचा हिंदी अनुवाद ‘जूझ’ नावानं बारावीच्या हिंदीच्या पुस्तकात आहे, त्यामुळे मराठी न येणाऱ्या मुलांनाही तो माहीत आहे. पाठ्यपुस्तकात आला की प्रसंग जिद्द, चिकाटी, परिस्थितीवर मात या तीन खुंट्यांना टांगला जातो. मला त्यात जे दिसतं ते वेगळं आहे. या पानांत एक कादंबरीकार घडतो आहे आणि त्याला पहिले धडे घरातूनच मिळताहेत. कुणापुढे काय सांगायचं, काय गाळायचं, ऐकणाऱ्याच्या मानाला कुठे हात घालायचा, हे सगळं ती शेणी थापणारी बाई जाणते. दत्ताजीरावांपुढे तिनं मांडलेलं गाऱ्हाणं ही या पुस्तकातली पहिली उत्तम रचना आहे, आणि तिची श्रोत्याची निवड अचूक आहे.

यादव मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलचे. जन्म 30 नोव्हेंबर 1935, मृत्यू 27 नोव्हेंबर 2016. पुढे ते पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागाचे प्रमुख झाले, ग्रामीण साहित्याच्या चळवळीचे म्होरके झाले. ‘झोंबी’ 1987 साली मेहता पब्लिशिंग हाऊसनं काढली, पु. ल. देशपांड्यांची प्रस्तावना लाभली आणि 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नंतर ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ असे आणखी तीन खंड आले. चार खंडांत मिळून एका माणसाचं लेखक होणं आणि एका घराचं विस्कटणं-सावरणं आहे. यादव याला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणतात. त्या नावाकडे पुढे वळतो. आधी बापाबद्दल बोललं पाहिजे.

बापाला सगळे ‘दादा’ म्हणतात. पुस्तक उघडण्याआधी वाचकाच्या मनात जो शाळेच्या आड येणारा अडाणी, निर्दय बाप तयार असतो, तो इथे थोडा आहे आणि बराचसा नाही. यादवांनी काय केलं ते बघा. दादाचा राग सांगायच्या आधी त्यांनी दादाचं गुऱ्हाळ सांगितलं. गावातले बाकीचे शेतकरी ऊस रानात उभा ठेवतात, म्हणजे रस घट्ट होतो, गूळ जास्त पडतो. दादा सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ लावतो, कारण पहिल्या गुळाला बाजारात भाव चढा असतो. कोण बरोबर, याचा निकाल लेखक देत नाही. पण या एका तपशिलानं दादा आपल्याला आतून कळतो. हा माणूस उद्याच्या जास्त उत्पन्नापेक्षा आजच्या रोकड्यावर विश्वास ठेवणारा आहे. पोराच्या शाळेबद्दलही त्याचा हिशेब हाच आहे. पाण्यावर उभा राहणारा, जनावरं वळणारा पोरगा म्हणजे आजचा रोकडा. शाळा म्हणजे रानात उभा ठेवलेला ऊस. हे साम्य लेखक बोलून दाखवत नाही, आणि तो बोलत नाही म्हणूनच ते वाचकाला सापडतं.

दत्ताजीराव दादाला झापतात तेव्हा दादा गप्प बसत नाही, उलट पोराचे गुन्हे वाचून दाखवतो: शेणी विकतो, वैरण विकतो, पैसे जुगारात आणि सिनेमात घालवतो. त्यातलं खरं किती, खोटं किती, हे आपण पोराच्या तोंडून ऐकतो, त्यामुळे पुरतं सांगता येत नाही. घरी आल्यावर दादा अटी घालतो. सकाळी अकरापर्यंत रानात काम करायचं, पाणी पाजायचं. येतानाच दप्तर घेऊन यायचं आणि रानातूनच शाळेत जायचं. शाळा सुटली की दप्तर घरी टाकून तासभर जनावरं चारायची. आणि कामाचा भार असेल त्या दिवशी शाळा बंद. पोरगा सगळ्याला हो म्हणतो. हा करार वाचताना मी दर वेळी थांबतो, कारण त्यात दादा अक्षरशः काहीच सोडत नाही. पोराच्या दिवसातून दुपारचे थोडे तास तेवढे गळतात, तेही शर्तीवर. पण जो माणूस ‘शाळा नाही’ एवढंच म्हणत होता, तो आता वेळापत्रक लावतो आहे. घासाघीस सुरू झाली म्हणजे नकार संपला, हे बाजारात उभ्या राहिलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला कळतं. पोरालाही कळलं असणार.

पूर्व विदर्भातल्या आमच्या नागभीडकडच्या वाचकाला हा करार काही नवा नाही. आमच्याकडे पीक धानाचं. पावसाळा लागला की पऱ्हे टाकायचे, बांधीत चिखलणी करायची, आणि आषाढात रोवणी आली की घरातला हात न हात चिखलात लागतो. रोवणीच्या दिवसांत वर्गातली हजेरी पातळ होते, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात तर सुट्टीच असते, त्यामुळे पोरांच्या हातांवर कुणी हरकतही घेत नाही. घोडाझरी तलावाच्या पाण्यावर पोसलेल्या बांधीत वाढलेला एखादा पोरगा ‘झोंबी’ वाचतो तेव्हा त्याला कागलचा ऊस परका वाटतो, गुऱ्हाळ परकं वाटतं. दादा परका वाटत नाही.

वर्गात परत गेलेल्या आनंदाच्या वाट्याला आधी शरमच येते. बरोबरची पोरं पुढे गेली, आता वयानं लहान पोरांत बसायचं. अंगावर धोतर, डोक्याला पटका. चव्हाणाचं एक टवाळ पोर तो पटका हिसकावून घेतं, स्वतः बांधून मास्तरांची नक्कल करतं आणि टेबलावर ठेवून देतं. मधल्या सुट्टीत धोतर ओढायचा खेळ. हा सगळा भाग यादव भरभर सांगतात, त्यात रेंगाळत नाहीत. रेंगाळतात ते एका लहानशा गोष्टीवर: मास्तर त्याला ‘आनंदा’ म्हणून हाक मारतात. घरात त्याचं नाव कामाला जुंपण्यासाठीच घेतलं जायचं, इथे ते नुसतं नाव म्हणून घेतलं गेलं. वसंत पाटील नावाचा गणितात हुशार, हाडकुळा मुलगा मित्र होतो. त्याचं बघून आनंदा पुस्तकांना कागदाची कव्हरं घालतो, दप्तर नीट लावतो. मैत्री म्हणजे दुसऱ्याच्या नीटनेटकेपणाची नक्कल, हे निरीक्षण कादंबरीकाराचंच.

मग न. वा. सौंदलगेकर मास्तर येतात. मराठी शिकवणारे, स्वतः कवी, गळा गोड, छंद-चालीची जाण पक्की. कविता ते वाचत नाहीत, हावभावांसकट गातात. यशवंत, बा. भ. बोरकर, भा. रा. तांबे, गिरीश, केशवकुमार या कवींच्या आठवणी सांगतात, ते कुठे भेटले, कसे बोलले. इथे पुस्तकाचा सगळा भार एका दारापुढच्या वेलीवर येतो. मास्तरांच्या दाराशी मालतीची वेल आहे आणि तिच्यावर मास्तरांनी कविता केली आहे. पोरानं वेलही पाहिलेली आहे, कविताही ऐकलेली आहे. दोन्ही एकाच जागी, हाताच्या अंतरावर. तोपर्यंत कवी म्हणजे पुस्तकातला, कुठल्यातरी दुसऱ्या जगातला प्राणी होता. आता तो हाडामांसाचा, ओळखीचा, आपल्याच गावात राहणारा निघाला. आणि ज्यावर कविता करायची ती वस्तूही आपल्याच डोळ्यांपुढची निघाली.

कविता म्हणजे काय, प्रतिभा म्हणजे काय, यांतलं काहीच इथे सांगितलेलं नाही. एका पोरानं एक वेल आणि एक कविता शेजारी शेजारी पाहिली, एवढंच. पुढे यादवांनी ग्रामीण साहित्याबद्दल खूप लिहिलं, ‘ग्रामीणता: साहित्य आणि वास्तव’सारखी पुस्तकं केली, ‘साहित्यिक जडणघडण’ या नावाचं पुस्तकही लिहिलं. आपल्या मातीतलं, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा, हा त्या सगळ्या मांडणीचा गाभा. मला ती सगळी मांडणी मास्तरांच्या दाराशीच झालेली वाटते.

त्यानंतरची पानं वाचताना माझं लक्ष पाण्याकडे जातं. पोरगा उसाला पाणी पाजायला एकटा रानात असतो. आधी त्याला तो एकटेपणा खायला उठायचा. कुणाशी बोलावं, हसावं, असं वाटायचं. आता एकटेपणाच हवासा होतो, कारण मोठ्यानं गाता येतं, हावभाव करता येतात, प्रसंगी नाचताही येतं. आणि गाण्यात वाफा कधी भरून वाहू लागला याचं भान राहत नाही. लेखनावर मराठीत बरंच लिहिलं गेलंय, पण लेखन घरात नेमकं काय नासवतं हे एका वाफ्यात इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं पान मला आठवत नाही. पाणी दादाचं, रान दादाचं, पोराचा वेळ दादाचा. कविता त्यातूनच चोरलेली. ज्या कामानं त्याला शाळेपासून तोडलं होतं, त्याच कामात त्याला गायला जागा सापडली. शाळा नसती तर कविता नसती, हे खरं. रान नसतं तरी नसती.

कागद-पेन्सिल तो खिशात बाळगू लागतो. कागद नसेल तेव्हा म्हशीच्या पाठीवर काटकीनं ओळ लिहितो, नाहीतर दगडावर. पाठ झाली की पुसून टाकतो. सोमवारी मास्तरांना दाखवायचं म्हणून रविवारी जुळवाजुळव करतो, राहवलं नाही तर रात्रीच त्यांच्या घरी जातो. मास्तर त्याला भाषा, छंद, अलंकार, शुद्धलेखन सांगतात. म्हशीची पाठ सगळ्यांना आठवते. मला त्याहून तो पुसून टाकणारा हात महत्त्वाचा वाटतो. पोरगा लिहितो, पाठ करतो, पुसतो, पुन्हा लिहितो. मसुदा, पाठभेद, अंतिम प्रत, सगळं जनावराच्या पाठीवर.

आता त्या नावाचा प्रश्न. ही कादंबरी की आत्मचरित्र? ‘झोंबी’च्या आधी दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) आणि लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (1980) येऊन गेलं होतं. मराठी वाचक त्या काळात आत्मकथनांकडे कान देऊन बसला होता. यादवांनी त्या ओघात आत्मचरित्र लिहिलं असतं तरी चाललं असतं. कादंबरी म्हटल्यानं त्यांनी दोन गोष्टी मिळवल्या. एक, चाळीस वर्षांपूर्वीचे संवाद जसेच्या तसे लिहायची मुभा. दुसरी अधिक मोलाची: आईबापांना पात्रं म्हणून बघायची मुभा. मुलगा म्हणून लिहिताना बापाच्या बाजूनं बोलणं जड जातं. कादंबरीकाराला ते करावंच लागतं, नाहीतर पात्र लाकडी होतं. दादा जिवंत आहे तो याच सक्तीमुळे. कुणाला ही पळवाट वाटेल. मला तसं वाटत नाही, पण चौथ्या खंडापर्यंत येता येता ही सक्ती सैल पडते. पुढच्या खंडांत लेखकाची बाजू जास्त ऐकू येते, समोरच्याची कमी.

दादाबद्दल वाचताना रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की आठवतो. त्यानं आपलं बालपण आणि तारुण्य 1913 ते 1923 या काळात तीन पुस्तकांत लिहिलं. त्यातले आजोबा पोराला बेदम मारतात आणि तेच त्याला अक्षरंही शिकवतात. मारणारा हात आणि अक्षर गिरवून घेणारा हात तिथे एकच आहे. यादवांच्या घरी ते दोन हात वेगळे झाले: एक रानात, एक शाळेत. म्हणून ‘झोंबी’त बाप आणि मास्तर यांच्यामध्ये एक मोकळी जागा राहते, आणि तिथे आई उभी आहे. तिची बाळंतपणं, तिची उपासमार, तिनं खाल्लेला मार, तिच्या नवऱ्याचं दुसरीकडे जाणं-येणं, सगळं यादव लिहितात. आपल्या घरातलं इतकं चव्हाट्यावर मांडावं का, असं विचारणारे वाचक मला भेटलेले आहेत. माझं म्हणणं असं की ती बाई रात्री दत्ताजीरावांच्या वाड्यावर जाऊन हे सगळं स्वतःच मांडून आलेली आहे. पोरानं तेच पुढे चालवलं.

भाषेचा एक तिढा मात्र सांगायला हवा. 1971 च्या ‘गोतावळा’त नारबा हा शेतगडी सबंध कादंबरी आपल्या बोलीतच सांगतो. मालकानं ट्रॅक्टर आणला, बैल गेले, म्हशी गेल्या, आणि ज्यांच्यात तो राहत होता ते सगळं गणगोत एकेक करून उठलं. नारबाच्या आणि वाचकाच्या मध्ये दुसरं कुणी नाही. ‘झोंबी’त माणसं कागलच्या बोलीत बोलतात, पण सांगणारा शिकलेला आहे, त्याची मराठी प्रमाण आहे. आई बोलते एका भाषेत आणि तिच्याबद्दल लिहिलं जातं दुसऱ्या भाषेत. ज्या शाळेसाठी एवढी लढाई केली तिनं पोराला आईच्या बोलीपासून एक पायरी लांब नेलं, हे पुस्तकाच्या पानापानावर दिसतं. कलाकृती म्हणून मी ‘गोतावळा’ला वरचं स्थान देतो. पण हा तिढा ‘गोतावळा’त येऊच शकत नव्हता.

आमच्या भागात यादवांचं सगळ्यात ओळखीचं पुस्तक बहुधा ‘नटरंग’ (1980) असावं, 2010 साली आलेल्या सिनेमामुळे. गुणा कागलकर हा मजुरी करणारा पहिलवान गडी तमाशाच्या नादात फड उभा करतो आणि फडाला नाच्या हवा म्हणून स्वतःच नाच्या होतो. आमच्या झाडीपट्टीत ही गोष्ट थेट काळजाला लागते. इथे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री नाटक. वडसा हे नाटक मंडळ्यांचं गाव, तिथल्या मंडळ्या नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या पट्ट्यात गावोगाव जातात. रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटेशिवाय खाली येत नाही. रंगमंचावर बहुतेक वेळा घरच असतं: भावाभावांतली वाटणी, हुंडा, व्यसनी बाप, रडणारी आई. शहरातले लोक याला भडक म्हणतात. म्हणोत. धान कापून, पुंजणे रचून आलेला माणूस रात्रभर जागतो तो घराच्याच गोष्टीसाठी. गुणाला मात्र ती गोष्ट मंचावर रंगवता रंगवता स्वतःचं घर हातचं जातं. ‘झोंबी’तला वाफा ‘नटरंग’मध्ये असा फुटतो. लेखकानं जे स्वतःच्या बाबतीत निभावून नेलं, ते त्याच्या पात्राला निभावता आलं नाही.

आणखी एक प्रकरण इथे टाळून चालणार नाही. 2009 मध्ये महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून यादव निवडून आले होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतल्या तुकोबांच्या संसारी जीवनाच्या चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. संमेलन अध्यक्षाविनाच झालं. वाद कसा आणि कुणी वाढवला, यात मला शिरायचं नाही. पण ज्या हातानं दादाचं गुऱ्हाळ, आईची लबाडी, घरातली भांडणं लिहिली, त्याच हातानं तुकोबांच्या देहूच्या घरात तसंच शिरायचा प्रयत्न केला, हे साम्य नजरेआड होत नाही. स्वतःच्या बापाबद्दल यादवांनी कितीही खोलवर लिहिलं, कुणी मोर्चा काढला नाही. तुकोबांचं घर मात्र साऱ्या महाराष्ट्राचं घर आहे, आणि तिथे दादासारखं माणूस बसवायला वाचक तयार नव्हता. त्या कादंबरीत कादंबरीकार किती जमला आणि किती फसला, हा वेगळा प्रश्न. तो शांतपणे विचारायची संधी तेव्हा कुणालाच मिळाली नाही, यादवांनाही नाही.

‘झोंबी’ अलीकडे पुन्हा वाचली तेव्हा मधला बराच भाग मी भरभर उलटला. कामाचे तेच तेच दिवस, त्याच मारझोडी, पुनरुक्ती आहे आणि ती जाणवते. संपादकानं शंभर पानं कापायला हवी होती असं माझं प्रामाणिक मत आहे. थांबलो ते पुन्हा त्याच दोन जागी: दादानं अटी घातल्या तिथे, आणि मास्तरांच्या दारातल्या वेलीपाशी. ज्यानं ‘झोंबी’ वाचलेली नाही त्यानं आधी ‘गोतावळा’ वाचावी, मग ‘झोंबी’, आणि ‘घरभिंती’ आपलं घर बांधायला काढाल त्या वर्षासाठी राखून ठेवावी.